टाचेचं हाड वाढलंय, आता वारी कशी होणार?

मॅडम, नमस्कार. माझं वय ५४. चिंचवडला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचपासून अकरापर्यंत मी ओट्यापाशी उभी असते. गेल्या दिवाळीपासून उजवी टाच दुखते. सकाळी पलंगावरून उतरून पाय टेकला की जीव जातो, भिंत धरून मोरीपर्यंत जावं लागतं. चार पावलं चालल्यावर बरं वाटतं, पण दुपारी जरा टेकून उठलं की पुन्हा तेच. एक्स-रे काढला, टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. गोळ्या झाल्या, आता इंजेक्शन घ्या म्हणतात. जाऊबाई म्हणतात, वीट तापव, तिच्यावर रुईचं पान ठेव आणि टाच दाबून धर. मला आठ वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पांघरूण लागलेलं सहन होत नाही. त्यासाठी काशाच्या वाटीने तूप चोळते. या वर्षी आळंदीहून पंढरपूरला पायी जायचं आहे. मुलाला नोकरी लागावी म्हणून अनवाणी चालत येईन असा नवस बोलले होते, आणि त्याला नोकरी लागली. हाड काढून टाकावं लागेल का? वारी होईल ना?

ता. क. आमच्या यांच्या पायाच्या अंगठ्याचा सांधा परवा एका रात्रीत सुजून लालबुंद झाला. चादर लागली तरी ओरडत होते. तेही हाड वाढल्यामुळेच का?

— एक वाचक, चिंचवड

ताई, नमस्कार.

हाड काढावं लागणार नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ‘हाड वाढलंय’ ऐकल्यापासून तुम्ही ऑपरेशनच्या धास्तीत आहात हे पत्रावरून दिसतंय. टाचेच्या एक्स-रेमध्ये जे छोटं टोक दिसतं, ते पन्नाशीपुढच्या कितीतरी जणांना असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची टाच कधी दुखलेलीही नसते. उलट टाच टेकवत नाही आणि एक्स-रे मात्र स्वच्छ, असे लोकही माझ्याकडे नेहमी येतात. ते टोक आत काट्यासारखं रुततंय असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाका. टोक आहे तिथेच राहील आणि तरीही तुमची टाच बरी होईल.

मग दुखतं काय? टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पावलाची कमान तो धरून ठेवतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात आणि त्याच्या दुखण्याला प्लांटर फॅसायटिस. पट्टा टाचेला जिथे चिकटतो तिथे रोजच्या ताणाने बारीक बारीक इजा होत राहते आणि ती भरून यायला सवड मिळत नाही. रात्री झोपेत पाऊल खालच्या बाजूला झुकलेलं असतं, त्यामुळे पट्टा आखडतो. सकाळी तुम्ही उठून उभ्या राहता तेव्हा अंगाचा सगळा भार त्या आखडलेल्या पट्ट्यावर एकदम येतो. म्हणून पहिल्या पावलाला कळ येते आणि चार पावलांत तो सैल पडला की बरं वाटतं. दुपारी बसून उठल्यावर होतं तेही हेच. तुम्ही लिहिलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की निदानाचं अर्धं काम तुम्हीच केलंय.

उरलेलं अर्धं आत्ता घरीच करून बघा. खुर्चीत बसा, उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या. टाच संपून कमान सुरू होते तिथे, आतल्या बाजूला, अंगठ्याने जरा जोर देऊन दाबा. तिथेच नेमकी कळ आली तर दुखणं पट्ट्याचंच आहे असं धरायला हरकत नाही. आता टाच दोन तळहातांमध्ये दोन्ही बाजूंनी धरून दाबा. या दाबाने जोरात दुखलं तर मात्र गोष्ट वेगळी, टाचेच्या हाडाला बारीक तडा असू शकतो. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात, त्यामुळे तुमच्या वयात ही शंका मनात ठेवावी लागते. असा तडा पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नसतं. तसं काही वाटलं तर पुढे लिहिलेले व्यायाम सुरू न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता हे तुमच्याच वाट्याला का आलं? रोज सहा तास एका जागी उभं राहणं, पायाखाली कडक फरशी, आणि पायात काही नाही. टाचेखाली चरबीची एक गादी असते, ती वयाबरोबर पातळ होत जाते. त्यात पोटरीचे स्नायू आखडलेले असले की टाच मागून ओढली जाते आणि पट्ट्यावरचा ताण आणखी वाढतो. वजन जास्त असेल तर त्याचाही भार पडतो. पण टाच दुखत असताना कोणी ‘चालून वजन कमी कर’ म्हणालं तर ऐकू नका. आधी टाच, मग चालणं.

घरात अनवाणी राहणं हे माझ्या मते आपल्याकडच्या टाचदुखीचं सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. बाहेर जाताना बायका चांगली चप्पल घालतात आणि दिवसाचे बारा तास मात्र कोटा फरशीवर नाहीतर गुळगुळीत टाइल्सवर अनवाणी वावरतात. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, देवघर तिथेच आहे, सासूबाईंना आवडत नाही, ही कारणं मी रोज ऐकते आणि ती मला खोटी वाटत नाहीत. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातही चप्पल येत नव्हती. तरीही मार्ग निघतो. एक नवी कोरी, मऊ रबरी तळाची चप्पल आणा. ती कधीही उंबऱ्याबाहेर जाणार नाही, मोरीत जाणार नाही, फक्त ओट्यापाशी वापरायची. बऱ्याच घरांत एवढ्यावर वाद मिटतो. नाहीच मिटला, तर ओट्यापुढे जाड रबरी मॅट टाका. तासन्‌तास उभं राहून काम करणाऱ्यांसाठी अशा मॅट मिळतात. ती मिळेपर्यंत योगासनाची चटई चौपदरी घडी करून चालेल, फक्त ती सरकणार नाही एवढं बघा, कारण तुमच्या हाताशी तापलेला तवा असतो. मोज्याच्या आत बसणारे सिलिकॉनचे टाचेचे कप मेडिकलमध्ये मिळतात, तेही वापरता येतात.

आणखी एक साधी गोष्ट. ओट्याखाली देवघरातल्यासारखा एक बुटका पाट ठेवा. थोडा वेळ उजवं पाऊल त्याच्यावर, थोडा वेळ डावं. भार बदलत राहतो आणि कंबरही वाचते. कणीक मळणं, भाजी निवडणं, पोळ्या मोजून पिशव्या भरणं ही कामं बसून होण्यासारखी आहेत. लाटणं आणि भाजणं एवढंच उभ्याने ठेवा आणि तासाभराने पाच मिनिटं बसाच. हातात पोळ्यांची ऑर्डर असताना पाच मिनिटं बसणं किती अवघड असतं याची मला कल्पना आहे. पण ही पाच मिनिटं गोळीपेक्षा जास्त काम करतील.

आता व्यायाम. खरा उपचार हाच आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिला व्यायाम पलंगावरच, पाय खाली सोडण्यापूर्वी. उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या. उजव्या हाताने पायाची पाचही बोटं मुळाशी धरा आणि नडगीच्या दिशेने मागे ओढा. डाव्या हाताचा अंगठा तळव्याच्या कमानीवर फिरवा. ओढलेल्या दोरीसारखा पट्टा बोटाला लागेल. तो लागला म्हणजे ताण बरोबर जागी बसलाय. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, पुन्हा धरा. असं दहा वेळा. दुपारी बसून उठण्यापूर्वी आणि रात्री झोपताना हाच व्यायाम परत करा. सकाळचा चुकवू नका. पहिलं पाऊल टेकण्यापूर्वी पट्टा सैल करणं हाच त्याचा सगळा हेतू आहे, भिंत धरून मोरीपर्यंत जाऊन आल्यावर केला तर तो वाया गेला.

दुसरा पोटरीचा. भिंतीला दोन्ही हात टेका. उजवा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं सरळ भिंतीकडे. डावा गुडघा वाकवत पुढे झुका, उजव्या पोटरीत ओढ बसेल. तीस आकडे थांबा. मग त्याच स्थितीत उजवा गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीस. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, दिवसातून दोनदा. यात हमखास टाच उचलली जाते आणि मग पोटरीला काहीच होत नाही. टाचेखाली कोणी कागद सरकवू शकणार नाही, इतकी ती दाबून ठेवा.

तिसरा व्यायाम लगेच करू नका. तीन-चार आठवड्यांनी सकाळची कळ कमी झाली की सुरू करा. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कठडा धरून उभ्या राहा. एका पंच्याची गुंडाळी करून ती बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. टाचा पायरीच्या कडेबाहेर. तीन आकड्यांत टाचा वर, दोन आकडे तिथेच, तीन आकड्यांत खाली. अगदी संथ. सुरुवातीला दोन्ही पायांवर बारा वेळा, तेही एक दिवसाआड. ताण देण्याने पट्टा सैल होतो, या व्यायामाने तो भार सोसायला शिकतो.

फरक कधी दिसेल? नेटाने केलं तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत सकाळची कळ उतरायला लागते. बहुतेकांची टाच अशा साध्या उपायांनीच बरी होते, पण पूर्ण बरं व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं. मध्ये एखादा आठवडा पुन्हा दुखेल. तेव्हा ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. माझ्याकडचे जे लोक कंटाळतात ते नेमके याच आठवड्यात कंटाळतात.

बाहेरची चप्पल बदला. चप्पल हातात घेऊन दोन्ही टोकांनी वाकवा. मधोमध घडी पडली तर ती तुमच्या कामाची नाही, बोटांपाशी वाकली पाहिजे. टाच बोटांपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर उंच असलेली चांगली, मागे पट्टा असेल तर उत्तम, कारण सुटी चप्पल पायात टिकवायला बोटं सतत आवळून धरावी लागतात. कोल्हापुरी सध्या बाजूला ठेवा. ती सपाट आणि कडक असते. झिजून पापड झालेली स्लिपर आजच टाकून द्या. खरेदीला संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं मिळतं. शुगरवाल्यांसाठी मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल मिळते, तुम्ही तीच घ्या असं मी सुचवेन. का, ते पुढे येतंच आहे.

इंजेक्शनचं बोलू. ते स्टेरॉइडचं असणार. त्याने काही आठवडे छान वाटतं, पुष्कळांना वाटतंच. पण तो आराम बहुधा दोन-तीन महिन्यांपलीकडे टिकत नाही. पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची गादी आणखी पातळ होते आणि क्वचित पट्टाच तुटतो. शुगर असलेल्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, हे तर तुम्हाला कोणीतरी सांगायलाच हवं होतं. तीन-चार महिने व्यायाम आणि पादत्राणं मनापासून करूनही टाच टेकवत नसेल, तर एकदा, सोनोग्राफीत बघून, शुगरच्या डॉक्टरांना कळवून घेता येईल. वारीच्या तोंडावर मात्र कदापि घेऊ नका. दुखणं झाकलं जाईल आणि तुम्ही त्याच टाचेवर मैलोन्‌मैल चालाल. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा स्प्लिंट, टेपिंग (चिकटपट्ट्या लावून पावलाला आधार देणं), शॉकवेव्ह (यंत्राने टाचेवर दाबाच्या लहरी सोडणं) हे उपायही आहेत. त्यांची पाळी इंजेक्शनच्या आधी यावी. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं.

आणि गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका. मधुमेहात मूत्रपिंडं आधीच जपायची असतात, सोबत बीपीची गोळी असेल तर धोका वाढतो. दुखणाऱ्या जागी थोडे दिवस वेदनाशामक जेल चोळलं तर हरकत नाही.

इथवर टाचेचं झालं. ताई, तुमच्या पत्रातली मला जास्त काळजी वाटणारी ओळ टाचेची नाहीच. रात्री तळपायांची आग, मुंग्या, पांघरूण सहन न होणं, हे पट्ट्याचं दुखणं नव्हे. ते नसांचं आहे. आठ वर्षांच्या शुगरनंतर पायांच्या नसा कमकुवत व्हायला लागल्याची ती खूण असू शकते. आणि या नसा एकीकडे आग करतात, तर दुसरीकडे हळूहळू संवेदना घालवतात. आग होते म्हणजे पायाला सगळं कळतंय असं वाटतं, प्रत्यक्षात तोच पाय चटका बसला तरी सांगत नाही.

म्हणून जाऊबाईंची वीट नको. रुईच्या पानाचा शेक हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय आहे, त्या प्रेमानेच सांगतायत. ज्याच्या तळव्याला नीट कळतं, त्याने कोमट शेक घेतला तर स्नायू सैल पडतात, मला त्यात वावगं वाटत नाही. पण बधिर होत चाललेल्या तळव्याने तापलेल्या विटेवर टाच दाबली, तर फोड आल्याचं तुम्हाला सकाळी चादरीवर डाग दिसल्यावर कळेल. शुगरमध्ये असा फोड महिनोन्‌महिने भरत नाही. त्यात रुईचा चीक त्वचेला झोंबतो. गरम पाण्याची पिशवी, मिठाच्या कडकडीत पाण्यात पाय बुडवणं, हेही त्याच कारणाने नको. बाटलीत पाणी गोठवून तिच्यावर तळवा फिरवायचा उपाय तुम्ही कुठेतरी वाचाल, तुम्ही बर्फही टाळा. साधा टेनिसचा चेंडू घ्या, खुर्चीत बसून त्यावर तळवा फिरवा.

काशाच्या वाटीला माझी ना नाही. हलक्या हाताने, पाच-सात मिनिटं. तळवा काळा पडतो तो शरीरातली उष्णता बाहेर पडल्यामुळे असं म्हणतात; खरं तर तो काळपटपणा वाटीच्या धातूचा आणि तुपाचा असतो, त्यासाठी जोर लावून घासत बसू नका. बोटांच्या बेचक्यांत तूप राहू देऊ नका आणि पाय पुसल्याशिवाय उतरू नका, घसराल. एवढं सांभाळलं तर चोळून झोप लागत असेल ते चांगलंच. फक्त त्या वाटीच्या भरवशावर तपासण्या लांबवू नका.

तपासण्या या आठवड्यातच करा. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, थायरॉइड, आणि बी-१२. तुमची गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात माणूस शाकाहारी असेल तर आणखी. बी-१२ कमी असलं तरीही तळपायांची अशीच आग होते, आणि ते भरून काढणं तुलनेने सोपं आहे. शुगरच्या डॉक्टरांना सांगा, ‘माझ्या पायांची संवेदना तपासा.’ ते एक बारीक नायलॉनचा तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटून कळतंय का विचारतात. दोन मिनिटांचं काम, दुखत नाही, पण मागितल्याशिवाय पुष्कळदा राहून जातं. घोट्यापाशी आणि पावलावर नाडी लागते का तेही बघायला सांगा. आग शमवायला प्रेगाबॅलिन, ड्युलॉक्सेटिन अशी औषधं आहेत. ती डॉक्टरच ठरवतील. या औषधांनी गुंगी येऊ शकते, म्हणून पहाटे पाचला गॅसपाशी उभं राहावं लागतं हे डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि आजपासून रोज रात्री तळवे बघायचे. वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, किंवा तुमच्या यजमानांना बघायला सांगून. लाल डाग, फोड, भेग, बोटांमधल्या चिखल्या, काहीही नवीन दिसलं तर दोन दिवसांच्या आत दाखवा. भेगांना अंघोळीनंतर व्हॅसलीन किंवा खोबरेल. भोवरी असेल तर तिला ब्लेड लावू नका आणि मेडिकलमध्ये मिळणारी भोवरीची पट्टी चिकटवू नका. तिच्यातलं अ‍ॅसिड चांगली कातडीही जाळतं. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना हे बघा. एखादं पाऊल अचानक गरम, लाल आणि सुजलेलं दिसलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप, एकाच पोटरीला सूज, पाऊल थंडगार किंवा निळसर पडणं, ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येणं आणि थांबलं की उतरणं, यांतलं काहीही असेल तरी थांबू नका. शेवटचं लक्षण रक्तवाहिन्यांचं असतं. मशेरी लावायची सवय असेल तर ती सोडायला यापेक्षा मोठं कारण नको.

आता वारी.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, अजून चारेक महिने हातात आहेत. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. टाचेसाठी हा वेळ पुरू शकतो, म्हणून मी ‘नाही’ म्हणत नाही. सहा आठवडे फक्त व्यायाम करा. सकाळची कळ निम्म्यावर आली की सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं चाला आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. किती वाढवायचं हे दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल सांगेल. ते आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर मागच्या आठवड्याच्या अंतरावर परत या. निघायच्या पंधरा दिवस आधी लागोपाठ दोन दिवस दहा-बारा किलोमीटर चालून तिसऱ्या सकाळी टाच शांत राहिली, तर पालखीबरोबर निघा. दिवे घाटाचा पुणे ते सासवड टप्पा मोठा आणि चढाचा आहे, तिथे दिंडीच्या गाडीत बसायला कमीपणा मानू नका. टाच इतकी तयार झाली नाही, तर या वर्षी मोजके टप्पे चाला. लोणंद ते तरडगाव छोटा टप्पा आहे आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. ते डोळे भरून बघा.

पण अनवाणी नाही. ताई, इथे मी हट्ट धरणार आहे. तुमच्या नवसाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, लेकरासाठी आईने बोललेला शब्द आहे तो. मी फक्त पायाबद्दल बोलते. उन्हाची तिरीप आली की डांबर तापतं, पाऊस आला की चिखलात काच आणि खिळे दिसत नाहीत, आणि तुमच्या तळव्यांना ते कळेलच याची खात्री नाही. शुगरमध्ये बोट किंवा पाऊल गमावण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशाच एका न कळलेल्या जखमेने होते. नायलॉनच्या तंतूची तपासणी सगळी ठीक आली तरी दुखऱ्या टाचेने अनवाणी चालू नये असंच मी म्हणेन. दिंडीच्या महाराजांशी मोकळेपणाने बोला. चप्पल काढायचीच असेल तर संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर, समाज आरतीला, पायाखालची जागा बघून काढा. वाटेत पायात बूट आणि सुती मोजे, रोज कोरडी जोडी, आणि रात्री तंबूत बॅटरी लावून तळवे बघणं. औषधं दोन पिशव्यांत ठेवा, एक तुमच्याजवळ आणि एक दिंडीच्या सामानात. खिशात ग्लुकोजच्या गोड गोळ्या हव्यातच, चालण्याने रक्तातली साखर एकदम उतरू शकते.

ता. क. चं उत्तर. तुमच्या यजमानांचं दुखणं तुमच्या टाचेसारखं नाही. एका रात्रीत अंगठ्याचा सांधा लालबुंद होणं आणि चादरही सहन न होणं, हे बहुधा गाऊट आहे. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून त्याचे खडे सांध्यात साचतात. तो अंगठा चोळू नका, शेकू नका. पाय उंच ठेवा, थंड घडी ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. अंगात ताप असेल तर आजच न्या, कारण सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी असंच दिसतं. बीपीच्या काही गोळ्यांनी आणि ॲस्पिरिनने युरिक अ‍ॅसिड वाढतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, पण स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. बिअर आणि दारू, कलेजी-गुर्दा, तारली-मांदेलीसारखी मासळी, गोड थंड पेयं यांवर बंधन घाला. डाळी, पालक, टोमॅटो मात्र त्यांच्या ताटातून काढू नका. लोक सगळ्यात आधी तेच बंद करतात आणि त्याचा फारसा उपयोग नसतो. दुखणं ऐन भरात असताना युरिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट कधीकधी नॉर्मल येतो. तसा आला तर अंगठा उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करून घ्या.